वाट सरकारची, तराजू व्यापाऱ्याचा

कन्हान नदीच्या काठी वसलेले खापा हे गाव हातमागाच्या कापडासाठी जुन्या पिढीतील व्यापाऱ्यांना परिचित आहे. जवळच्या गुमगाव खाणीतील मँगनीजमुळे सरकारी दप्तरातही त्याची नोंद कायम राहिली. या गावच्या बाजारपेठेत आज जवळपास प्रत्येक दुकानाच्या गल्ल्याशेजारी एक छोटा बोलका डबा ठेवलेला आढळतो. ग्राहकाने मोबाइलवरून पैसे पाठविले की हा डबा मोठ्या आवाजात रक्कम उच्चारतो. दुकानदार मान डोलावतो, माल बांधून देतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. रोजमेळात नोंद होण्यापूर्वीच बँकेत नोंद झालेली असते. ही सोय पाहून वडिलोपार्जित पेढी सांभाळणाऱ्या वृद्धालाही कौतुक वाटते. मात्र त्या कौतुकाच्या पाठोपाठ एक शंकाही त्याच्या मनात उमटते: ही रक्कम दुकानाबाहेर आणखी कोणाकोणाला ऐकू गेली असेल?

ही शंका निराधार नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातील वाणिज्य कर विभागाने यूपीआयद्वारे जमा झालेल्या रकमा पाहून हजारो छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठविल्या. ज्यांच्या मालावर मुळात करच नाही, असे भाजीवाले आणि दूधवालेही त्यांत सापडले. बेंगळुरूतील कित्येक दुकानांवरून क्यूआर कोडचे फलक उतरले आणि त्या जागी ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. व्यापाऱ्यांचा रोष वाढल्यावर राज्य सरकारला नरमाईची भूमिका जाहीर करावी लागली. घटना कर्नाटकातील असली, तरी तिची चर्चा विदर्भातील बाजारपेठांतही झाली.

अशा प्रसंगी समाजात दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत म्हणते, सरकारने व्यापारात मुळीच लक्ष घालू नये. दुसरे म्हणते, व्यापाऱ्यावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून सर्व काही सरकारच्या नजरेखाली असावे. अनेकान्ताचा वारसा लाभलेल्या समाजाला दोन्ही मते एकांगी वाटावीत. कारण संपर्काची साधने, व्यापार आणि सरकार या तिघांचा संबंध आजचा नाही. विदर्भातील कापसाच्या व्यापाराने तो गेली दीडशे वर्षे अनुभवला आहे, आणि त्या अनुभवातच या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी सापडते.

तारेने आणलेला भाव

भारतात विद्युत तार सर्वसामान्यांसाठी १८५५ मध्ये खुली झाली. त्याआधी एक वर्ष, म्हणजे १८५४ मध्येच, तारयंत्रावर सरकारचा एकाधिकार राहील असा कायदा झाला होता. संदेशवहनाची वाट सरकारने प्रथमपासून आपल्या मालकीची मानली, हे यावरून दिसते. पुढे १८८५ चा तार कायदा आला. तो इतका दीर्घायुषी ठरला की दूरध्वनी, मोबाइल आणि इंटरनेट या सर्वांचा कारभार जवळजवळ दीड शतक त्याच्याच आधारे चालला. त्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा २०२३ मध्ये संमत झाला.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड आणि मध्य प्रांताकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. त्याच वर्षी खाप्याला नगरपालिका मिळाली. मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी सरकारने रिव्हेट-कार्नाक या अधिकाऱ्याची कापूस आयुक्त म्हणून नेमणूक केली. १८७० मध्ये खामगावची रेल्वे शाखा गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाली आणि त्याच वर्षी समुद्राखालून टाकलेल्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने तारेने मागणी नोंदवावी आणि वऱ्हाडचा कापूस काही आठवड्यांत त्याच्या गोदीत उतरावा, असा व्यवहार शक्य झाला.

या बदलाचे दोन परिणाम झाले. पूर्वी दूरच्या बाजाराचा भाव ज्याला आधी कळे, त्याचा नफा मोठा असे. तारेने हे अंतर कमी केले. पण ज्याला तारेचा खर्च परवडे आणि सांकेतिक शब्दांची वही ज्याच्यापाशी असे, त्याच्याच हाती बातमी आधी पडे. शेतकऱ्याला भाव कळे तो व्यापाऱ्याच्या तोंडूनच. दुसरा परिणाम विणकरावर झाला. कापसाच्या गाठी बाहेर नेणाऱ्या वाटेनेच गिरणीचे सूत आणि विलायती कापड आत आले. १८७७ मध्ये नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. घरोघरचे सूतकताईचे काम मागे पडले आणि हातमागावर गिरणीचे सूत चढले. सरकारने त्या काळी वाट बांधली हे खरे, पण ती कोणाच्या सोयीची असावी हेही सरकारनेच ठरविले होते.

तारेने व्यापाराबरोबर व्यसनही आणले, हे सांगितल्याशिवाय हा इतिहास पूर्ण होत नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होताना येणारे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत येत. त्या आकड्यांवर पैसे लावण्याची चटक लागली आणि पुढे त्यातूनच मटक्याचा जन्म झाला. न्यूयॉर्कहून भाव येणे थांबल्यावरही जुगार थांबला नाही. चिठ्ठ्या काढून आकडे ठरू लागले. तेजी-मंदीच्या सौद्यांवर बंदी घालणारा कायदा मुंबई प्रांतात १९३९ मध्येच झाला होता. साधन बंद पडले तरी लोभ दुसरे साधन शोधतो, हा धडा आज मोबाइलवरील पैशांच्या खेळांकडे पाहतानाही आठवावा.

सरकार तराजूमागे बसते तेव्हा

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात व्यापारातील सरकारी हस्तक्षेपाचा सर्वांत मोठा प्रयोग कापसावरच झाला. १९७१ च्या कायद्यान्वये १९७२ च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी योजना लागू झाली. राज्यातील शेतकऱ्याने आपला कापूस केवळ सरकारी यंत्रणेलाच विकावा, असा नियम झाला. पणन महासंघाची संकलन केंद्रे उघडली, ग्रेडर नेमले गेले. पिढ्यान्‌पिढ्या आडतीवर बसलेल्या विदर्भातील व्यापारी घराण्यांना आपला मुख्य धंदा एका हंगामात गमवावा लागला. काहींनी किराणा धरला, काहींनी कापड, तर काही राज्याबाहेर गेले. अनेक कुटुंबांच्या आजच्या व्यवसायाचे मूळ त्या वर्षातील उलथापालथीत आहे.

येथे प्रांजळपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ही योजना शून्यातून आली नव्हती. मापात मारणे, प्रतवारीत दोष काढून भाव पाडणे, आगाऊ रकमेच्या व्याजात शेतकऱ्याला अडकवून ठेवणे, अशा तक्रारी खऱ्या होत्या. सर्व व्यापारी तसे नव्हते. पण जे होते, त्यांना बाजाराने रोखले नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत शास्त्रकारांनी ‘हीनाधिकमानोन्मान’ म्हणजे मापातील खोट आणि ‘विरुद्धराज्यातिक्रम’ म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन, हे दोन्ही दोष एकत्र सांगितले आहेत. व्यवहारात पाहिले तर पहिला दोष दुसऱ्याला निमंत्रण देतो. मापात खोट वाढली की नियम वाढतात, आणि नियम असह्य झाले की ते मोडण्याचा मोह होतो.

प्रारंभीच्या काळात शेतकऱ्याला हमीभावाचा आधार मिळाला आणि काही वर्षे योजनेने शिल्लकही दाखविली. नंतर मात्र भाव ठरविण्यात राजकारण शिरले. बाजारभाव खाली असताना सरकार चढ्या दराने घेई. तेव्हा केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागत आणि चुकारे महिनोन्‌महिने थकत. बाजारभाव वर गेला की कापूस राज्याबाहेर जाई. खाप्यापासून मध्य प्रदेशची हद्द जवळ. सौंसर आणि पांढुर्णा येथील बाजार हाकेच्या अंतरावर. हद्दीवर नाके बसविले तरी कापूस अडवून ठेवता आला नाही. तोटा हजारो कोटी रुपयांच्या घरात पोहोचला. अखेर २००२ च्या सुमारास खासगी खरेदीला वाट मोकळी झाली आणि एकाधिकार संपुष्टात आला.

या अपयशामागे अनेक कारणे होती. त्यांपैकी एकाचा संबंध थेट संपर्काच्या साधनांशी आहे. योजना आली तेव्हा परगावचा भाव विचारायचा तर ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहावी लागे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गावोगावी पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ उघडले. हद्दीपलीकडचा भाव काही रुपयांत आणि काही क्षणांत कळू लागला. शेतकऱ्याला पलीकडे जास्त भाव आहे हे ठाऊक नसते, तोवरच अलीकडचा एकमेव खरेदीदार त्याला बांधून ठेवू शकतो. भाव कळल्यावर मालाची पावले तिकडे वळतात, मग नाके कितीही असोत.

हाच अनुभव पुढे खासगी व्यापारालाही आला. आयटीसी कंपनीने २००० साली मध्य प्रदेशातील सोयाबीन पट्ट्यात ई-चौपाल हा उपक्रम सुरू केला. गावातील संगणकावर भाव पाहूनच शेतकरी मंडीत जाऊ लागला. त्याचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना आढळले, की अशा केंद्रांजवळच्या मंड्यांत सोयाबीनचे भाव एक ते तीन टक्क्यांनी वाढले. हे एक ते तीन टक्के पूर्वी शेतकऱ्याच्या अज्ञानामुळे दुसऱ्या कोणाच्या तरी पदरी पडत होते. अज्ञानावर मिळणारा नफा यापुढे टिकणारा नाही, हे ओळखणे व्यापारी कुटुंबांच्या हिताचे आहे. प्रतवारीचे ज्ञान, वेळेवर चुकारा, साठवणुकीची काळजी आणि शब्दाची किंमत यांवर मिळणारा नफा मात्र टिकतो.

सरकार वाट राखते तेव्हा

सरकारी हस्तक्षेप म्हणजे सदैव नुकसान, असाही निष्कर्ष काढता येत नाही. दूरसंचाराचाच इतिहास पाहावा. १९९० पूर्वी दूरध्वनीची जोडणी मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. कारण सेवा देणारे, दर ठरविणारे आणि तक्रार ऐकणारे सरकारी खाते एकच होते. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना प्रवेश दिला. ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिला मोबाइल संवाद झाला. १९९७ मध्ये ट्राय हे स्वतंत्र नियामक प्राधिकरण स्थापन झाले. खेळणारा आणि पंच हे वेगळे असावेत, हे तत्त्व त्यामुळे मान्य झाले. २००३ पासून येणाऱ्या कॉलचे पैसे ग्राहकाला द्यावे लागेनासे झाले, आणि मोबाइल हे श्रीमंतांचे साधन न राहता भाजीवाल्याच्याही हाती आले. १५ जुलै २०१३ पासून तार बंद झाली, तेव्हा तिची उणीव व्यापाराला जाणवलीसुद्धा नाही.

पंचाने योग्य वेळी शिट्टी वाजविल्याचे उत्तम उदाहरण २०१६ चे आहे. काही निवडक संकेतस्थळे फुकट आणि बाकीची सशुल्क, अशी योजना फेसबुक या बलाढ्य परदेशी कंपनीने भारतात आणली होती. वरवर पाहता ती गरिबांच्या फायद्याची वाटे. परंतु कोणाचे दुकान फुकट दिसेल हे ती कंपनी ठरविणार होती. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली. बाजाराला जाणारा रस्ता सर्वांना सारख्याच दराने खुला राहावा, एवढाच त्या नियमाचा आशय होता. खाप्यातील एखादा विणकर आज आपल्या लुगड्याचे छायाचित्र इंटरनेटवर टाकतो, तेव्हा ते पाहण्यासाठी ग्राहकाला मोठ्या कंपनीच्या दुकानापेक्षा अधिक डेटाखर्च येत नाही, यामागे हा नियम आहे.

विणकराचाच विषय निघाला म्हणून आणखी एक तुलना करता येईल. हातमागाला संरक्षण देण्यासाठी काही वाण केवळ हातमागावरच विणले जावेत, असा कायदा १९८५ मध्ये झाला. हेतू उत्तम होता. पण यंत्रमागावरचे नकली कापड हातमागाचे म्हणून विकले जाणे त्याने थांबले नाही. कारण दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला फरक कळण्याची सोय नव्हती. २००६ मध्ये आलेल्या हॅण्डलूम मार्कने ती सोय करण्याचा प्रयत्न केला. पहिल्या उपायाने बंधन घातले, दुसऱ्याने माहिती दिली. बंधन राबविण्यास निरीक्षक लागतो. माहिती राबविण्यास जागरूक ग्राहक आणि प्रामाणिक दुकानदार पुरतो. हातमागाचा माल आणि यंत्रमागाचा माल वेगळा ठेवून तसे सांगून विकणारा कापड व्यापारी कायद्याचे निम्मे काम स्वतःच करीत असतो.

आजचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न फुकट सेवेचा. यूपीआयची सुरुवात २०१६ मध्ये झाली आणि १ जानेवारी २०२० पासून या व्यवहारांवर दुकानदाराकडून शुल्क घेण्यास मनाई झाली. छोट्या व्यापाऱ्याला त्याचा मोठा लाभ झाला, यात शंका नाही. परंतु संगणक, जाळे, सुरक्षा आणि तक्रार निवारण यांचा खर्च बँकांना होतोच. सरकार अनुदान देऊन तो काही प्रमाणात भरून काढते. २०२४-२५ या वर्षासाठी दोन हजार रुपयांपर्यंतच्या दुकानी व्यवहारांकरिता सुमारे १५०० कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली होती. जी सेवा अनुदानावर चालते, तिचे भवितव्य दरवर्षीच्या अंदाजपत्रकाशी बांधलेले असते. शिवाय यूपीआयचे बहुसंख्य व्यवहार अवघ्या दोन अ‍ॅपमधून होतात. कोणत्याही एका अ‍ॅपचा वाटा ३० टक्क्यांहून अधिक नसावा, असे राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरविले. पण अंमलबजावणीची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत गेली. ज्या ठिकाणी पंचाने हस्तक्षेप करावा, तेथे तो पुढे ढकलला जात आहे.

दुसरा प्रश्न मोठ्या ऑनलाइन दुकानांचा. परदेशी भांडवलावर चालणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठेने स्वतः माल विकू नये, तिचा भागभांडवली संबंध असलेल्या विक्रेत्याने त्या बाजारपेठेवर विक्री करू नये, असा नियम १ फेब्रुवारी २०१९ पासून आहे. नियमाचे मर्म कापूस बाजारातील जुन्याच तत्त्वाचे आहे: बाजाराचे आवार ज्याचे, त्यानेच लिलावात बोली लावू नये. छोट्या शहरातील दुकानदाराची मागणी सरकारने आपल्याला राखीव जागा द्यावी अशी असू नये. एकाधिकार आणि आरक्षण यांचा शेवट कसा होतो, हे विदर्भाने पाहिले आहे. हा नियम सर्वांना सारखा लागू व्हावा, एवढी मागणी पुरेशी आणि न्याय्य आहे. ३१ डिसेंबर २०२१ रोजी स्थापन झालेल्या ओएनडीसीसारख्या खुल्या जाळ्यावर छोट्या दुकानाला स्वतःची जागा घेता येते. तो प्रयोग अद्याप बाल्यावस्थेत असला, तरी त्याची दिशा योग्य आहे. कारण तेथे सरकार दुकान थाटत नाही, वाट बांधते.

तिसरा प्रश्न वाट अडविण्याचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दंगल उसळल्यावर इंटरनेट सेवा बंद करण्यात आली होती. शांतता राखणे हे शासनाचे पहिले कर्तव्य आहे, हे कोणीही नाकारणार नाही. पण ज्या दिवशी इंटरनेट नाही, त्या दिवशी क्यूआर कोडचा फलक केवळ कागद ठरतो आणि मालवाहतुकीचे ई-वे बिल काढणेही अवघड होते. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात स्पष्ट केले, की इंटरनेटच्या माध्यमातून व्यापार करण्याच्या स्वातंत्र्यालाही घटनेच्या १९ (१) (छ) या अनुच्छेदाचे संरक्षण आहे. सेवा अनिश्चित काळासाठी बंद ठेवता येणार नाही आणि तसे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. व्यापारी संघटनांनी हा निकाल माहीत करून घ्यावा आणि स्थानिक प्रशासनाशी बोलताना त्याचा सौम्य शब्दांत, पण नि:संकोचपणे उल्लेख करावा.

पेढीवर काय करावे

सरकारने कसे वागावे याची चर्चा करताना घरच्या व्यवस्थेकडे दुर्लक्ष होऊ नये. कर्नाटकातील नोटिसांनी जी धावपळ उडाली, तिच्यातील बरीचशी साध्या शिस्तीने टळली असती.

दुकानाचा क्यूआर कोड दुकानाच्या चालू खात्याशीच जोडलेला असावा. मुलाच्या किंवा पत्नीच्या बचत खात्यात विक्रीची रक्कम घेण्याची पद्धत अनेक घरांत सवयीने पडली आहे. नोटीस आल्यावर घरगुती देवाणघेवाण आणि विक्री वेगळी करून दाखविणे अत्यंत कठीण जाते. यूपीआयवर वेगळा कर नाही. कराची गणना उलाढालीवर होते, आणि उलाढालीत रोख, धनादेश व यूपीआय तिन्ही येतात. केवळ मालाची विक्री करणाऱ्यास महाराष्ट्रात वार्षिक ४० लाख रुपयांपलीकडे आणि सेवा देणाऱ्यास २० लाखांपलीकडे जीएसटी नोंदणी आवश्यक ठरते. करमाफ माल आणि करपात्र माल यांच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या, तर उत्तर देताना चार कागद पुरतात. दिवसअखेर बँकेचा जमा तपशील आणि रोजमेळ ताडून पाहण्यास पाव तास लागतो. तो पाव तास जुना मुनीम कधी चुकवीत नसे. आलेल्या नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्यावे. घाबरून क्यूआर कोड उतरविणे हे उत्तर नव्हे. त्याने जुन्या नोंदी पुसल्या जात नाहीत, उलट ग्राहक मात्र शेजारच्या दुकानात जातो.

फसवणुकीबाबतही सावध राहिले पाहिजे. पैसे मिळविण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, ही एक गोष्ट घरातील आजी-आजोबांपासून दुकानातील नोकरापर्यंत सर्वांना पाठ असावी. ‘डिजिटल अटक’ नावाचा कोणताही प्रकार भारतीय कायद्यात नाही. फसवणूक झाल्यास लाजेखातर गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक.

सरकारकडून व्यापारी समाजाने काय मागावे, हेही आता थोडक्यात सांगता येईल. माहितीच्या आधारे नोटीस काढण्यापूर्वी माल करपात्र आहे की नाही, याची प्राथमिक पडताळणी व्हावी. नियम पुढील तारखेपासून लागू व्हावेत, मागील वर्षांवर अचानक लादले जाऊ नयेत. ज्या यंत्रणेच्या हाती व्यापाऱ्याचा प्रत्येक व्यवहार उघडा आहे, त्या यंत्रणेने ती माहिती कशासाठी आणि किती काळ वापरली याचा हिशेब द्यावा. व्यापाऱ्याची वही सरकार तपासते. सरकारच्या वहीचा हिशेब मागण्याचा अधिकार नागरिकालाही आहे.

खाप्याच्या दुकानातील तो बोलका डबा आता बंद होणार नाही. आजोबांच्या काळी तारवाला सायकलवरून आला की गल्लीतल्या सर्वांना कळे, पण पाकिटात काय आहे ते केवळ पेढीला ठाऊक असे. आज रक्कम सर्वांना ऐकू येते. ज्या पेढीची वही आणि डब्याचा आवाज एकच आकडा सांगतात, तिने त्या आवाजाला भिण्याचे कारण नाही. आणि अशा पेढ्या जितक्या वाढतील, तितके सरकारला ‘वाट राखा, तराजू आम्ही सांभाळतो’ असे म्हणण्याचे बळ समाजाला लाभेल.